फ्रीजरच्या पैशांचं धनुष्य

मी धनुष्य बोलतोय. पुराणातलं नव्हे हं! मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हे धनुष्य कसलं, हा तर सायकलचा मोडका सांगाडा. दोन टोकांना दोन चाकं, मधे दोऱ्याच दोऱ्या आणि नेम धरायला पोटाशी एक भिंग. पण आमच्या लानाई बेटावर मला कुणी असं म्हणत नाही. इथे घरोघरी शिकारी. माणूस दारात येतो, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि एकच प्रश्न विचारतो, "केवढ्याला?"

कसा आहेस, कुठला आहेस, काही नाही. नुसतं केवढ्याला! या प्रश्नाचं मला जन्मापासून कुतूहल आहे. माणसं नक्की कशाचे पैसे मोजतात?

जन्म माझा समुद्रापलीकडे, थंडीच्या मुलखातल्या एका कारखान्यात झाला. एका बाईने गुणगुणत माझ्या दोऱ्या वळल्या. मग एका यंत्राने मला इतक्यांदा ओढलं आणि सोडलं की मी मोजायचं सोडून दिलं. मोडलो नाही, म्हणून माझ्यावर भारी किमतीची चिठ्ठी लागली. तिथून बोटीने लानाईशेजारच्या माउई बेटावर आलो आणि एका दुकानात सगळ्यात वरच्या आकड्यावर जाऊन लटकलो. खालची स्वस्त धनुष्यं, कुणाची वापरलेली, कुणाची टवके उडालेली, भराभर विकली जात. मला मात्र लोक नुसता हात लावून जायचे. एवढं महाग असणं ही शिक्षाच आहे की काय, असं मला वाटायला लागलं होतं.

मग एके दिवशी वेंडेल आला. उंचापुरा, सुपाएवढे हात, लानाईच्या हॉटेलात यंत्रं दुरुस्त करणारा गडी. तो खरं तर माउईला फ्रीजर घ्यायला आला होता. बोटीला वेळ होता म्हणून दुकानात शिरला, आणि त्याची नजर वर गेली.

"बाण सुटलेला डोळ्याला दिसणार नाही, असा वेग आहे," दुकानदार म्हणाला. "आणि हो, याची ओढ कमीजास्त करता येते. लांबीसुद्धा. आखूड हाताच्या माणसालाही बसवून देता येतं."

ते शेवटचं वाक्य वेंडेलने ऐकलंच नाही. त्याने पाकीट आधीच बाहेर काढलं होतं.

घरी पोचलो तेव्हा दारात त्याची बायको लुर्देस उभी होती. कडेवर नोए, त्यांची तान्ही लेक. पायरीवर लुर्देसचे वडील बोनिफासियो उकडलेल्या शेंगा सोलत बसले होते. सगळं गाव त्यांना बोनीकाका म्हणतं. बुटका, काटक म्हातारा; उभं आयुष्य अननसाच्या शेतांत गेलं.

"हा फ्रीजर?" लुर्देसने विचारलं.

"अगं, ऐक तरी..."

"ऐकते ना. दार कुठून उघडतं याचं, ते सांग."

बोनीकाकांनी शेंग तोंडात टाकली. "बरं केलंस हो जावईबापू. मांसच आणायचं नसेल तर फ्रीजर हवाय कशाला?"

खरं म्हणजे या घरात मांस कधी कमी पडलं नव्हतं. बोनीकाका आणि त्यांचा पुतण्या पहाटे जायचे आणि उन्हं वर यायच्या आत चितळ घेऊन परत यायचे. पण पुतण्या नोकरीसाठी समुद्रापलीकडे गेला, आणि म्हातारा म्हणाला, "मी आता दमलो. जावयाने बघावं." त्यांचं धनुष्य दाराशेजारच्या खुंटीवर होतं. रंग उडालेलं, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. कुणा चुलतभावाकडून दोन पोती तांदळाच्या बदल्यात घेतलेलं म्हणे. मला त्याच्याच शेजारी टांगलं. मी दोन-चारदा बोलून पाहिलं, पण म्हातारं शब्दाने बोललं नाही.

लुर्देसने मात्र त्याच रात्री नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "नोएचा पहिला वाढदिवस आहे. गाव जेवायला येणार. मांस तू आणायचंस. नाही आणलंस तर हे विकायचं आणि फ्रीजर आणायचा. कबूल?"

"एक काय, तीन आणतो!" वेंडेल म्हणाला.

झालं! माझं नशीब एका चितळाच्या शेपटीला बांधलं गेलं.

पहिल्या शिकारीला मी किती उत्सुक होतो म्हणून सांगू! खालच्या अंगाला काटेरी झाडी आहे, तिथे वेंडेल दबा धरून बसला. त्याने वेगासाठी म्हणून हलक्यात हलके बाण आणले होते, काडीसारखे. चितळ आलं. त्याने मला ओढलं, भिंगातून पाहिलं आणि सोडलं. मी 'टण्ण' करून ओरडलो. बाण अगदी सरळ गेला, शपथेवर सांगतो. पण तो पोचेपर्यंत चितळ गुडघ्यात वाकलं होतं. बाण पाठीवरून निघून गेला आणि चितळ झाडीत पसार.

मी चक्रावलो. वेंडेल तर माझ्याहून जास्त. "भिंगच वाकडं," म्हणाला आणि नवीन भिंग आणलं. पुन्हा चुकला, तर अंतर मोजायचं यंत्र आणलं. मग पानाफुलांच्या छापाचे कपडे, मग माणसाचा वास मारणारा फवारा. प्रत्येक चुकलेल्या बाणामागे एक खरेदी. चितळं मात्र माझा आवाज आला रे आला की खाली बसायची, जशी काही आमची ठरलेली कवायतच.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," बोनीकाका पायरीवरून म्हणायचे. "आणि इथे तर कोंबडीचाही पत्ता नाही! असं कर, पुढच्या खेपेला चितळाला बिल दाखव. लाजून जागीच मरेल."

वेंडेल हसायचा, पण माझ्या मुठीवरची त्याची पकड घट्ट व्हायची. वाढदिवस आठवड्यावर आला तेव्हा तर तो अर्ध्या जेवणावरून उठून सरावाला जायचा.

एका दुपारी तो मागच्या अंगणात चिंध्यांच्या पोत्यावर बाण मारत होता. बोनीकाकांना राहवलं नाही. "आण इकडे. नाचता येईना अंगण वाकडं! बघ, कसं मारतात."

त्यांनी मला हातात घेतलं, बाण लावला आणि ओढलं. मी निम्मासुद्धा वाकलो नाही. त्यांचा खांदा थरथरत होता, ते मला मुठीतून कळलं. त्यांनी पुन्हा जोर केला, गळ्याच्या शिरा ताणल्या. मग मला खाली ठेवलं.

"मूठच घाणेरडी आहे याची," ते म्हणाले.

"मग तुमच्या धनुष्याने दाखवा ना, बाबा."

"त्याची दोरी जुनी झालीय," असं म्हणून म्हातारा घरात निघून गेला.

मला हातात घेऊन वेंडेल सहज दाराशी गेला आणि त्याने खुंटीवरच्या धनुष्याकडे पाहिलं. मी तर रोजच पाहत होतो, पण माझ्या डोक्यात कधी प्रकाश पडला नव्हता. दोरीवर बोटभर धूळ. चाकापासून खुंटीपर्यंत कोळ्याचं जाळं, तेही जुनं, मळकं, निदान वर्षभरापूर्वीचं. आणि गेल्याच नाताळात तर बोनीकाकांनी भलं थोरलं चितळ मारलं म्हणून गावभर वाटलं होतं! मग ते कुणी मारलं? पुतण्याने. त्याआधीचीही त्यानेच. म्हाताऱ्याच्या खांद्यातला जोर कधीच गेला होता, आणि काका-पुतण्या सोडून कुणालाच त्याची खबर नव्हती.

वेंडेलने ते जाळंसुद्धा मोडलं नाही. परत आला, पाना घेतला आणि मला मांडीवर आडवं टाकलं. माझे स्क्रू जेवढे सैल होतात तेवढे केले. चाकातली पट्टी सरकवून ओढ आखूड केली. त्याच्या स्वतःच्या हाताला मी आता खेळण्यासारखा झालो होतो.

"बाबा," त्याने हाक मारली, "याचं काहीतरी बिघडलंय. माझ्या हाताला अंदाज येत नाही. जरा ओढून बघता का?"

म्हातारा संशयाने बाहेर आला. "माझी परीक्षा घेतोस?"

"तुमची कशाला? याची घेतोय."

या वेळी बोनीकाकांनी आपले जुने बाण आणले, जाडजूड, जड. दुसरे होतेच कुठे त्यांच्याकडे? मला अपमान वाटला. माझ्यासारख्याला ही लाकडाची ढलपी! त्यांनी ओढलं. मी आलो. अर्ध्या वाटेवर माझी चाकं फिरली आणि सगळा भार उतरला, आणि म्हातारा मला पूर्ण ताणून उभा राहिला. सोडेचना. गाल दोरीला टेकवून नुसता उभा.

"अरेच्चा," तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी आलं होतं. "वारा फार सुटलाय आज."

आणि सोडलं तेव्हा... काय सांगू! मी ओरडलोच नाही. जड बाणाने माझा सगळा आवाज गिळून टाकला. बाण सावकाश गेला आणि पोत्यात धप्प करून रुतला. सासरा-जावई एकमेकांकडे बघत राहिले.

"ऐकलंस?" बोनीकाका म्हणाले.

"काहीच नाही ऐकलं."

"तेच तर म्हणतोय, गाढवा!"

म्हणजे मी बाजारात वेगाच्या नावाखाली आवाज विकत होतो आणि वेंडेल तो मोठ्या कौतुकाने घेऊन आला होता. मला हसावं की रडावं कळेना.

पुढचे काही दिवस 'लाकडं आणायला जातो' असं सांगून ते दोघे मला ओसाड पडलेल्या अननसाच्या शेतात नेत. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, पहाटेच्या धुक्यात, खरी वेळ आली. चितळ अगदी जवळ चरत होतं. वेंडेल सासऱ्याच्या कानाशी लागला. "पंधरा पावलं. घाई नको, बाबा." म्हाताऱ्याने ओढलं, श्वास रोखला आणि सोडलं. चितळाचा एक कान फक्त हलला. ते थोडं धावलं आणि झाडीच्या कडेला पडलं.

बोनीकाका त्याच्यापाशी उकिडवे बसले, त्याच्या मानेवर हात ठेवून. कुणी आरडाओरडा केला नाही. मलाही वाईट वाटलं. ज्या कामासाठी मी घडलो ते काम असं दिसतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

परतताना गाडीत म्हाताऱ्याने विचारलं, "घरी काय सांगायचं?"

"तुम्ही मारलंत, असं."

"कशाने?"

वेंडेलने गाडीचा वेग कमी केला. मला वापरून मारलं म्हटलं तर लोक विचारणार, म्हाताऱ्याने स्वतःचं का नाही नेलं? आणि मग एकेक करत सगळं बाहेर येणार. "तुमच्या धनुष्याने," तो म्हणाला.

मागच्या सीटवर माझा तिळपापड झाला! माझी आयुष्यातली एकुलती एक शिकार, आणि ती त्या खुंटीवरच्या मुक्या म्हाताऱ्याच्या नावावर? शिवाय लुर्देसची अट वेंडेल विसरला होता का? मांस त्याने आणायचं होतं. सासऱ्याने नव्हे.

तो विसरला नव्हता. घरी पोचल्यावर त्याने सगळ्यांत आधी खुंटीवरच्या धनुष्याची धूळ आणि जाळी पुसून काढली.

वाढदिवसाला अख्खं गाव लोटलं. भात, नूडल्स, व्हिनेगरात मुरवलेलं मांस, धुरी दिलेलं मांस. नोए मांडीमांडीवर फिरत होती आणि जुनं धनुष्य हातोहात. "दोन पोती तांदळाचं, पण बघा!" लोक म्हणत होते. "आणि वेंडेल, तुझं ते विमान कुठंय? कपडे वाळत घालायला ठेवलंस?" वेंडेल सगळ्यांबरोबर हसत होता. बोनीकाकांनी आधी शिकारीची गोष्ट हातवारे करून सांगितली. दुसऱ्यांदा जरा थोडक्यात. तिसऱ्यांदा कुणी विचारलं तेव्हा पोट दुखतंय म्हणाले आणि ताट तसंच ठेवून उठले.

लुर्देस शब्दाची पक्की. तिने फोटो टाकून मला विक्रीला काढलं, आणि माउईहून एक गिऱ्हाईक बोटीने आलं.

"केवढ्याला?" त्याने विचारलं. मग मला हातात घेतलं, बाण लावला, ओढलं आणि मधेच अडकला. "हे काय? एवढी आखूड ओढ? आणि इतकी हलकी? वहिनी, तुमचं का हे?"

"छे! मी कशाला? नवऱ्याचं आहे."

"याचं?" तो वेंडेलकडे बघून हसला. "दोरी याच्या हनुवटीपर्यंत तरी येईल का? हे कुणा छोट्या चणीच्या माणसाच्या मापाचं लावलंय. शिवाय खांद्यात जोर नसलेल्या."

लुर्देसने नवऱ्याच्या लांब हातांकडे पाहिलं. वेंडेल बूट बघत होता. मग तिची नजर पायरीकडे गेली. बोनीकाकांच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली होती.

नोएने लुर्देसचे केस ओढले तरी तिला कळलं नाही.

"विकायचं नाही," ती म्हणाली.

"अहो, बोटीचं तिकीट काढून आलोय!"

"जेवून जा. धुरीचं मांसही बांधून देते. पण हे विकायचं नाही."

तो कुरकुरत गेला. बोनीकाकांनी घसा साफ केला. "लुर्दी, ते चितळ..."

"बाबा, शेंगा संपल्या वाटतं. आणखी आणू?" ती म्हणाली आणि वाटी उचलून आत गेली. जाताना तिने वेंडेलच्या पाठीत एक धपाटा घातला. जोरात बसला, पण तो हसला.

आता माझ्या मुठीचा रंग उडायला लागलाय. जो शिकारीला जातो तो मला आपल्या हातापुरतं सैल करतो किंवा आवळतो. लुर्देसही एकदा घेऊन गेली. मी त्या किमतीचा आहे की नाही, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. वेगाचे पैसे तर फुकटच गेले. म्हाताऱ्याने मला ताणून गाल टेकवला तेव्हा काय झालं, त्याची किंमत चिठ्ठीवर कुणी लिहिली नव्हती.

एक विनंती आहे. तुम्हाला मी भडाभडा सगळं सांगून बसलोय, माझा स्वभावच तसा. पण कधी लानाईला आलात आणि पायरीवर बोनीकाका भेटले, तर यातलं अक्षर काढू नका. तिथे अजून सगळे म्हणतात तसंच तुम्हीही म्हणा, की ते चितळ खुंटीवरच्या जुन्या धनुष्याने मारलं. माझी काही हरकत नाही.