बत्तीस बाटल्या

गच्चीवरच्या टाकीत दोन मेलेली कबुतरं होती, एक फुगलेला उंदीर होता आणि कडेला बोटभर जाडीचा हिरवा बुळबुळीत थर. खाली वॉर्डात जुलाबाचे एकोणीस पेशंट. धाकटीने नाकाला रुमाल लावून पुन्हा मोजलं, नमुन्याची बाटली भरली आणि मोडकी शिडी धरत खाली उतरली. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ती सगळ्यात नवी, म्हणून धाकटी. टाकीवर ती आज पहिल्यांदाच चढली होती.

साहेबांच्या खोलीत पंपवाले काका मान खाली घालून उभे होते. टेबलावर त्यांना कामावरून काढल्याचं पत्र तयार होतं. फक्त सही बाकी.

"झाकण उघडं कोणी टाकलं?"

"मीच, साहेब. बिजागरी तुटलीय. लावलं की पुन्हा एकट्याला उचलत नाही."

"झालं तर! वरून विचारलं की यांचं नाव सांगून आपण मोकळे." साहेबांनी चहात बिस्किट बुडवलं. त्याचा ओला लगदा त्यांच्या ओठाला चिकटला. धाकटी नोंदवही घेऊन पुढे आली.

"आणि आपलं काय, साहेब? शिडीच्या तीन पायऱ्या निखळल्यात म्हणून आठ महिने दर आठवड्याला मी टाकीऐवजी आपल्या फिल्टरच्या नळाचं पाणी भरतेय. बत्तीस बाटल्या. सह्या तुमच्या."

"अगं बाई, माझ्याआधीचेही तेच करायचे! तू कशाला अंगावर ओढून घेतेस?"

"पोरी, गप्प बस," काका पुटपुटले. "तुझी नोकरी नवी आहे."

तिने नोंदवही उघडली. 'नमुना: गच्चीवरची टाकी. जंतू: शून्य', बत्तीस वेळा, तिच्याच रेखीव अक्षरात. त्या अक्षराची तिला किळस आली.

"काकांनी झाकणाचं सांगितलं, मी बाटल्यांचं सांगितलं. तुम्ही सह्यांचं सांगा. मग वर तिघांचंही कळवा, आणि शिडी कधी दुरुस्त होणार तेही."

"पुरावा काय?"

"नळ आणि टाकी, दोन्ही नमुने आत्ता तपासायला लावते."

साहेबांनी पत्र ड्रॉवरमध्ये सरकवलं. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी धाकटीने एकाच कागदावर दोन्ही निकाल लिहिले आणि सही केली. शंभर मिलिलिटर पाण्यात मैल्याचे जंतू: फिल्टरचा नळ, शून्य. टाकी, सोळाशेच्या वर.