कासोंडेची राहिलेली थट्टा

मी माइक बोलतोय. आजवर माझ्यातून शेकडो माणसं बोलली, पण माझं म्हणून मी कधी काही बोललो नव्हतो. आता बटण सैल झालंय, मध्येच आवाज जातो. तेव्हा काय ते सांगून घेतो.

झांबियातल्या या कित्वे शहरात आधी मी एका चर्चच्या गायकांकडे होतो. त्यांचा मुख्य गायक मला जवळजवळ गिळायचाच. त्याच्या हातून दोनदा पडलो, डोक्यावरच्या जाळीला पोचा आहे तो तेव्हाचा. मग तिथे नवा माइक आला आणि माझी रवानगी खाण-वस्तीतल्या जुन्या क्लबघरात झाली. ते मोनिकाताई चालवते. दर शनिवारी दुपारी, फुटबॉलची मॅच संपली की तिथे विनोदाचा कार्यक्रम असतो.

विनोद करणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. बहुतेकांना घाई फार. लोक हसायच्या आत पुढचं वाक्य टाकतात. काही जण स्वतःच आधी हसतात, मग लोकांना काही कामच उरत नाही. मी तोंडाशी असतो, त्यामुळे मला श्वास ऐकू येतो. ज्याला मनातलं काही सांगायचंय त्याचा श्वास वेगळाच लागतो, पण अशी माणसं थोडी.

कापेम्ब्वा त्यातली. आठवडाभर शाळेत तिसरीला शिकवायची आणि शनिवारी मला हातात घ्यायची. पण तीही बरीच वर्षं सोपंच काम करत होती. ती बेम्बा, आणि पहिल्या रांगेतले जेरेकाका न्गोनी. या दोन जमाती पूर्वी एकमेकींशी लढल्या, म्हणून आता एकमेकांची थट्टा करायचा त्यांना हक्क आहे. कितीही झोंबलं तरी राग धरायचा नाही.

"जेरेकाका, आज उंदीर भाजून खाल्लेत की वाळवून?" ती विचारायची.

"तुझ्या बापाने रानातली माकडं संपवली, मग आम्ही उंदरावरच भागवणार ना," काका बसल्या जागेवरून म्हणायचे.

शेजारच्या खुर्चीवर तिचा बाप कासोंडे खोकत खोकत हसायचा. त्याने आणि जेरेकाकांनी खाणीत एकाच पाळीत सव्वीस वर्षं काढली होती. घरंही भिंतीला भिंत लागून. लोक पोट धरून हसायचे, घरी जाऊन मक्याच्या पिठाची न्शिमा खायचे आणि सगळं विसरून जायचे.

जूनमध्ये कासोंडे गेला. जेरेकाका तेव्हा लेकीकडे, दूर चिपाटाला होते. निरोप मिळाल्यावर लगेच निघाले, पण बस वाटेत बंद पडली आणि ते पोचेपर्यंत माती होऊन गेली होती. बेम्बा माणूस मेला की न्गोनीने येऊन त्याची टर उडवायची, रडणाऱ्यांना हसवायचं, ही इथली रीत. कासोंडे त्याशिवायच पुरला गेला. काका मग क्लबघरात यायचे, पण त्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचे नाहीत.

कापेम्ब्वा दोन महिन्यांनी परत आली. आल्या आल्या तिने मला हातात घेतलं.

"माझे बाबा गेले," ती म्हणाली. "घरातल्यांना पहिल्यांदाच शांत झोप लागली. खोकला थांबला ना."

कोणी हसलं नाही. तिने आणखी एक टाकला. "पेटी उचलणारे म्हणाले, हा एवढा हलका कसा? म्हटलं, निम्मा खाणीतच राहिलाय."

मागून एक बाई म्हणाली, "अगं, तू लेक आहेस त्याची. तुझ्या तोंडी हे शोभत नाही."

तिची चूक हीच. मेलेल्याची थट्टा इथे चालते, पण ती समोरच्या जमातीने करायची, पोटच्या पोरीने नाही. हे तिला माहीत नव्हतं असं नाही, दुःखात भान सुटलं. तिने मला स्टँडवर ठेवायला घेतलं. त्या वेळी ती तशीच निघून गेली असती, तर पुन्हा कधी आली नसती. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात जेरेकाका काठी टेकत उठले. "दे इकडे. ते काम माझं. आधीच उशीर झालाय."

त्यांनी मला घेतलं आणि रिकाम्या खुर्चीकडे तोंड केलं. "कासोंड्या, माकडखाऊ. मी चार दिवस लेकीकडे काय गेलो, तू संधी साधलीस. खाणीत उतरताना रांग मोडायचास, जातानाही मोडलीस. तुझी पोरगी म्हणते घरच्यांना झोप लागली. अरे, माझी उडाली त्याचं काय? भिंतीपलीकडून तुझा खोकला आल्याशिवाय मला झोप येत नाही."

सगळं क्लबघर हसलं. बाया डोळे पुसत हसत होत्या. बोलणं त्याच खोकल्याचं होतं, पण ते योग्य माणसाच्या तोंडून आलं होतं.

काकांनी मला परत तिच्या हातात दिलं. "थट्टा झाली. आता घरात काय झालं ते सांग. ते मला येणार नाही."

तिने मला तोंडाशी धरलं. मग म्हणाली, "दवाखान्यातला डॉक्टर बाबांना म्हणाला, सिगारेट सोडा, खोकला जाईल. बाबांनी जन्मात सिगारेट ओढली नव्हती. घरी येऊन आईला म्हणाले, डॉक्टर शिकलेला माणूस आहे, ऐकायला हवं. पण सोडायची म्हणजे आधी सुरू करावी लागेल."

मोठा हशा उठला. आणि मागच्या बाजूला, जिथे खाणकामगार बसतात, तिथे तो मध्येच थांबला. कापेम्ब्वाने घाई केली नाही.

"न ओढता सिगारेट सोडायला सांगितलेले आणखी कोण आहेत इथे?" तिने विचारलं.

अकरा हात वर झाले. पहिला जेरेकाकांचा होता.

सोमवारी ते अकरा जण मिळून दुसऱ्या दवाखान्यात गेले आणि छातीचे फोटो काढून घेतले. सहा जणांचे चांगले आले नाहीत, छातीत खाणीची धूळ बसली होती. त्यात काका आहेत.

त्याला वर्ष होत आलं. मोनिकाताई पुढच्या आठवड्यात नवा माइक आणणार आहे. आणू दे, माझी हरकत नाही. फक्त आजचा दिवस कोणी माझी वायर ओढू नका. कारण आज काका लवकर आलेत, क्लबघर अजून रिकामं आहे, आणि त्यांनी कापेम्ब्वाला समोर उभं केलंय.

"माझ्या मातीला तू यायचंस. बस बंद पडली म्हणायचं नाही."

"येईन."

"आणि बोलणार काय?"

"ते तेव्हाचं तेव्हा बघू, काका."

"तेव्हा मला ऐकू येणार आहे का? आत्ता ऐकव."

तिने मला उचललंय. "जेरे, उंदीरखाऊ," ती म्हणते, आणि बाहीने डोळे पुसायला लागते.

"रडतेस काय," काका खुर्ची पुढे ओढून घेत म्हणतात. "नीट बोल. मला हसायचंय."