गटिंग कुठे तुटलं

नवं राज्य होऊन तीन वर्षं होत आली होती. आधी राज्याच्या बॅडमिंटन टीममध्ये जागा मिळवायची म्हणजे रायपूरच्या मुलींना भोपाळ नाहीतर इंदूर गाठावं लागायचं. आता छत्तीसगढची स्वतःची टीम होती आणि तिची निवड चाचणी रायपुरातच होती. गुढ़ियारी वस्तीतल्या मोनाली मेश्रामला त्या टीममध्ये जायचं होतं. एकोणीस वर्षांची, हाताची जोरकस. चाचणीला बारा दिवस उरले असताना तिच्या रॅकेटचं गटिंग, म्हणजे जाळीची तार, महिन्याभरात चौथ्यांदा तुटलं.

"तू हरली का गटिंगच बदलते," तिचे वडील देवीदास म्हणाले. ते उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये कामाला होते, नुकतेच शिफ्टवरून आले होते आणि अजून पायातले बूट निघाले नव्हते.

"बाबा, तुम्हाले नाही समजत," मोनाली म्हणाली आणि रॅकेट घेऊन निघाली.

स्टेशनजवळच्या रेल्वे हॉलच्या बाजूच्या खोलीत वनमालाकाकू रॅकेटांना गटिंग करायच्या. दिवसभर पार्सल ऑफिसात कारकुनी आणि संध्याकाळी हे काम. स्वतः खेळायच्या तेव्हा नागपुरात एका म्हाताऱ्या कारागिराकडून त्या हे शिकल्या होत्या.

"काकू, सबसे पतला वाला लगा दो," मोनाली म्हणाली. "ताण सव्वीस पाउंड. शंकर नगरचे सगळे खेळाडू तेच लावतात. स्मॅश गोळीसारखा जातो."

तुटलेलं गटिंग अजून रॅकेटमध्येच होतं, ते काकूंनी दिव्याखाली धरलं आणि एका टोकावर बोट ठेवलं.

"हे पाह्य. कुठं तुटलं?"

"वर. काठाशी."

"मागच्या वेळेस?"

"वरच."

"मधात तुटलं असतं तर घासून घासून तुटलं म्हटलं असतं. ते चांगलं तुटणं असते. हे फ्रेमच्या काठाशी तुटून राहिलं. म्हणजे शटल मधात लागतच नाही. तू उशिरा पोचते, पोट्टी, अन् मग जोरानं मारते. पातळ गटिंग काठावरचा मार सोसत नाही."

बारा दिवसांवर चाचणी असताना कोणी आपल्याला पायांविषयी ऐकवावं, हे मोनालीला सहन होईना.

"म्हणजे मी खराब खेळते?"

"मी तसं कुठं म्हटलं? तुले माझं पटत नसन तर आपण पाहून घेऊ. तुझी दुसरी रॅकेट पण आण."

मोनालीकडे एकाच बनावटीच्या दोन रॅकेटा होत्या. काकूंनी एकीला तिला हवं होतं तेच पातळ गटिंग सव्वीस पाउंडांवर बसवलं. दुसरीला जाड, तेवीसवर. दोन्ही पांढरी. मग एका मुठीला लाल धागा बांधला, दुसरीला हिरवा, आणि कोणत्या रॅकेटला कोणतं गटिंग ते सांगायला साफ नकार दिला.

"चार दिवस दोन्हीनं खेळ. अर्धा तास हिनं, अर्धा तास तिनं. जे वाटन ते वहीत लिही. अन् निरखून पाहू नको बरं!"

मोनालीने ते प्रामाणिकपणे केलं. पहिल्या दिवशी तिने लिहिलं, हिरवीचा आवाज भारी. दुसऱ्या दिवशी, लालने शटल मागच्या रेषेपर्यंत आरामात जातं, हिरवीने खांदा दुखतो. तिसऱ्या दिवशी तिला नेटजवळ लाल रॅकेट जास्त ऐकते असं वाटलं. चौथ्या दिवशी हिरवीचं गटिंग ताडकन तुटलं. पुन्हा वरच्या काठाशी.

संध्याकाळी तिने दोन्ही रॅकेटा काकूंपुढे ठेवल्या.

"लाल पाहिजे. पण काकू, पतली वाली लालच आहे ना?"

"लाल जाड आहे. तेवीस."

मोनालीने वहीची पानं पुन्हा उलटून पाहिली. अक्षर तिचंच होतं. मग तिला हसू आलं, आणि काकूही हसल्या.

"सव्वीस ज्याले झेपते त्याले झेपते," काकू म्हणाल्या. "दोन वर्षांनी तुले पण झेपन. आता तेवीसमध्ये गटिंग तुझ्यासाठी काम करून राहिलं, सव्वीसमध्ये तुझा खांदा करून राहिला होता."

"अन् काठावर लागते त्याचं काय करू?"

"हव, आता बरोबर विचारलं."

उरलेले आठ दिवस काकू पार्सल ऑफिस सुटल्यावर हॉलमध्ये उभ्या राहिल्या. स्मॅश बंद. फक्त पाय. शटल काकूंच्या हातातून सुटण्याआधी मोनालीने मागे सरकायला सुरुवात करायची. पाचव्या दिवशी लाल धाग्याच्या रॅकेटमधून सलग वीस वेळा तो भरीव आवाज आला, शटल मध्यावर लागल्याचा. देवीदास सुट्टीच्या दिवशी येऊन शेवटपर्यंत बाकावर बसले. घरी जाताना म्हणाले, "आज तू पळताना दिसलीच नाही. आधीच तिथं उभी राहात होती."

चाचणीत मोनाली तीन सामने जिंकली. चौथा भिलाईच्या मुलीशी होता. अकरा गुणांच्या तिसऱ्या गेममध्ये दहा-दहा झाले, तेव्हा गेम तेरापर्यंत वाढला. हॉलमध्ये पंखे बंद होते, घाम डोळ्यांत उतरत होता. मोनालीच्या ध्यानात आलं की आपण अख्ख्या सामन्यात गटिंगचा विचारच केलेला नाही. ती तेरा-अकरा अशी हरली. हात मिळवताना तिला रडू आलं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

यादी दोन दिवसांनी लागली. पाच नावं होती. मोनाली मेश्राम चौथी.

देवीदासांनी मिलमधल्या फोनवरून तिच्याकडून ती पाचही नावं दोनदा ऐकून घेतली. "चौथी म्हणजे गाडीत बसली ना?" त्यांनी विचारलं. "बसली, बाबा," ती म्हणाली. मागून यंत्रांचा आवाज येत होता, आणि त्यावरून ते कोणाला तरी ओरडून सांगत होते, माही पोट्टी स्टेटकडून खेळून राहिली.

राष्ट्रीय स्पर्धा हिवाळ्यात, उत्तरेत होती. जायच्या आठवड्यात मोनाली काकूंकडे गेली.

"कोणतं लावू?" काकूंनी विचारलं.

मोनाली टेबलावरच्या रिळांकडे वळली. जाड रीळ उचललं, बोटांत तार फिरवून पाहिली.

"हेच. पण तिथं थंडी असन. थंडीत गटिंग कडक लागते म्हणता ना तुम्ही? मग बावीस करा एक, अन् एक तेवीस. तिथं पोचून दोन्ही मारून पाहीन."

काकूंनी मान डोलावली आणि तार ताणायच्या यंत्राचा खटका बावीसवर नेला. मग हात मागे घेतला.

"पहिली तार तूच टाक," त्या म्हणाल्या आणि खुर्चीतून उठून तिला जागा दिली.