भेटीचं रडणं

रामीबाईचं रडणं म्हणजे सोंग आहे, असं चतुराबाईनंच डॉक्टरांना सांगितलं होतं.

वाशीमच्या जेलात बायकांच्या खोलीवर चतुराबाई एकटीच नोकरीला होती. रामीबाई ही मानोऱ्याकडच्या तांड्यावरची पोरगी. बाळंतपणाच्या आठव्या दिवशी तिनं सासूच्या डोक्यात मुसळ घातलं आणि सासू जागीच मेली. मुसळ हिनंच घातलं, हे कोर्टात शाबीत झालं. पण निकाल सांगायच्या आधी जजसाहेबांनी विचारलं, त्या वेळी हिचं डोकं ठिकाणावर होतं का, ते डॉक्टरांनी पाहून लिहून द्यावं. होतं म्हटलं तर फाशी नाहीतर जन्मठेप. नव्हतं म्हटलं तर नागपूरला, वेड्यांच्या इस्पितळात.

डॉक्टर अकोल्याहून पंधरा दिवसांत तीनदा आले. झोप येते का, पोराला दूध पुरतं का, एवढ्याची उत्तरं रामीबाई नीट देई. सासूचा विषय काढला की ओढणी तोंडावर ओढून गप्प. शेवटी त्यांनी चतुराबाईला विचारलं, "तुम्ही दिवसभर हिच्यापाशी असता. तुम्हाला काय वाटतं?"

"सोंग हाये साहेब. रोज सकाळी गळा काढते, गानं म्हनल्यावानी. अन् थांबली का तोंड पुसून भाकर मांगते. खरी रडनारी बाई अशी थांबते काय?"

डॉक्टरांनी ते शब्द लिहून घेतले. तेव्हा चतुराबाईला जरा बरंच वाटलं होतं.

आज डॉक्टरांची शेवटची खेप होती आणि रामीबाईला भेटायला तिची आत्या भुरीबाई आली होती. आत्या दिसताच रामीबाईनं पाच महिन्यांचं पोर खाली ठेवलं, तिच्या गळ्यात पडली आणि तांड्याच्या बोलीत तोच चालीतला गळा काढला. तिचं कडवं संपलं की भुरीबाईचं सुरू. मग दोघी एकदम थांबल्या, नाकं पुसली, आणि रामीबाईनं विचारलं, "आपली गाय व्याली काय?"

चतुराबाईला राहवलं नाही. भुरीबाई बाहेर आली तशी ती म्हणाली, "काहो बाई, हे सोंग तुमच्या घरीच शिकली काय ही?"

"सोंग?" भुरीबाई तडकली. "आमच्यात बाई बाईले भेटली का असंच रडते. जे दुख असन थे चालीत सांगते. सांगून झालं का थांबते. तुमी नुसत्या हुंदके देता, समोरच्याले त्यातलं काय समजते?"

"मंग थे काय सांगून राह्यली होती?"

भुरीबाईचा आवाज खाली आला. "सासूचं. सासू नातवाले पाहाले काहून येत नाई, म्हने. म्या काय केलं, रुसली काय माह्यावर?"

चतुराबाईच्या अंगावर काटा आला. "पन कोर्टात तं सारं हिच्याम्होरंच झालं!"

"म्याबी थेच इचारलं तिले. म्हनते, थे दुसऱ्याच एका बाईचं चालू होतं."

मेडशीवरून जाणारी अकोल्याची मोटार एक वाजता सुटायची. चतुराबाई धावतच जमादाराच्या खोलीशी गेली. डॉक्टर लिहिलेल्या कागदाची घडी करत होते.

"चतुराबाई, बाहेर थांब," उकंडराव जमादार खेकसला.

"साहेब, म्या सांगतलं थे चुकलं. थे सोंग नाई."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मागच्या खेपेला सोंग होतं. आज आत्या आली आणि नाही म्हणता. तिनं पढवलं वाटतं?"

"नोकरी नकोशी झाली काय तुले?" जमादार म्हणाला.

नवरा गेल्यापासून चतुराबाईच्या घरची चूल याच नोकरीवर पेटत होती. पण रोज सकाळी ऐकलेलं ते रडणं आता कानातून जाईना.

"आत्या आज आली, साहेब. थे गानं मी रोज सकाळी ऐकून राह्यली. बोल समजत नाई मले. पन पाठ झाले."

आणि भिंतीकडे तोंड करून, लाजेनं कान तापलेले असताना, चतुराबाईनं ती चाल म्हटली. शब्द मोडले, सूर घसरला. जमादाराला हसू आलं. पण दाराशी उभी असलेली भुरीबाई तोंडात ओढणी कोंबून रडायला लागली. या रडण्याला चाल नव्हती.

"काय म्हणते ही?" डॉक्टरांनी विचारलं.

भुरीबाईनं ओळ न् ओळ सांगितली. सासूचा हात पोराच्या डोक्यावरून फिरला नाही. सासूच्या वाटेकडे डोळे लागले. कोणी तिला सांगावा धाडा.

डॉक्टरांनी घडी केलेला कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "ही बोली जेलात कोणाला येते?"

"कोनालेच नाई," जमादारच म्हणाला. त्याचं हसू गेलं होतं.

"मग हे सोंग कोणासाठी?"

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. डॉक्टरांनी घडी उलगडली, एका ओळीवर रेघ मारली आणि कोरा कागद मागितला. लिहिता लिहिता ते चतुराबाईला म्हणाले, "नागपूरला पाठवा असं लिहितो. बरी झाली, तर तिला सगळं आठवेल. तोवर इथं कोणी काही सांगू नका."

वाचली, असं म्हणत चतुराबाई खोलीकडे निघाली, आणि चार पावलांवर तिला डॉक्टरांचं बोलणं नीट समजलं. बरी झाली, तर सगळं आठवेल.

रामीबाई पोराला पाजत बसली होती. तिनं वर पाहिलं. "बाई, साहेबानं काय म्हनलं?"

"दवाखान्यात नेतीन तुले. नागपूरले."

"मंग सासूले तिकडचा पत्ता कोन सांगन? थे इथं आली, अन् मी नसली तं?"

चतुराबाई तिच्याजवळ टेकली. पोराच्या ओठावरून ओघळलेलं दूध पदरानं टिपत राहिली. टिपून झालं तरी तिचा हात तिथंच फिरत होता.

"मी हाये न इथं," ती म्हणाली.