हुरमतचं माहेर

मालवणात कमरुद्दीनच्या घरी दर्शनी भिंतीवर त्याच्या घराण्याची वंशावळ टांगलेली आहे. अकरा पिढ्या, सोनेरी चौकट, आणि त्यात एकाही बाईचं नाव नाही. जणू हे सगळे बाप्ये एकमेकांनाच झाले. त्याची बायको नसीमा तीस वर्षं ती चौकट पुसत आली होती, आणि पुसताना दर वेळी तिच्या मनात यायचं, माझ्याकडे टांगायला काय आहे?

काहीच नव्हतं. नसीमा एकुलती एक. तिची आईही एकुलती एक. आणि आईची आई हुरमत, ती तर पाण्यातून आलेली. बत्तीस सालच्या पुरात कर्लीच्या खाडीत होडी उलटली, आणि फळीला धरून वाहत आलेली चार वर्षांची पोर मालवणच्या एका तांडेलाने देवबागजवळ आपल्या होडीत उचलली. त्याने तारकर्लीपर्यंत घरोघर विचारलं. पोर तापाने फणफणलेली, ना नाव सांगे ना गाव. त्याला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. शेवटी त्याने हुरमत नाव ठेवून तिला आपलीच म्हणून वाढवली.

तेव्हापासून या बायकांना मामा नाही. नवऱ्याशी वाजलं की शेजारणी पिशवी भरून माहेरी निघायच्या. नसीमाकडे ते हत्यारच नव्हतं. तिचे आईवडील मागच्या गल्लीत भाड्याने राहायचे. ते गेले आणि ते घरही सुटलं. आता मुलीचं, इफ्राचं लग्न ठरलं होतं. हळदीला मामाकडची साडी नेसायची ही त्यांच्या घरातली रीत. नसीमाच्या हळदीला तिच्या आईने बाजारातून गुपचूप साडी आणून ‘मामाकडची’ म्हणून नेसवली होती. ते खोटं नसीमाला आजही टोचायचं, आणि लेकीच्या बाबतीत तिला ते पुन्हा करायचं नव्हतं.

इफ्रा पुण्याला औषधांच्या कंपनीत. ती सुट्टीला आली ती डीएनए चाचणीची नळीच घेऊन.

“अम्मी, आवशीकडसून चेडवाक एक खूण येता. चेडवाकडसून तिच्या चेडवाक. झिलाकव गावता, पण तो ती फुडे देवक शकणा नाय.”

आईकडून लेकीकडेच जाणारं, झिलांचं म्हणजे मुलग्यांचं काही चालत नाही असं निदान एक तरी खातं जगात आहे, हे ऐकूनच नसीमा तयार झाली. नळीत थुंकण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नव्हतं. चहावाचून तो अर्धा तास तिने कसा काढला ते तिलाच ठाऊक.

“थुकीतसून कधी नातां गावता काय गो?” कमरुद्दीन हसला.

गावलं. दीड महिन्याने निकाल आला. त्यातले टक्के-बिक्के नसीमाने वाचलेच नाहीत. खाली एकच नाव होतं, बाळा वालावलकर, मुक्काम वालावल. आईकडची खूण तीच. दोघांच्या आज्या बहुधा सख्ख्या बहिणी. त्याच्या मुलीने, दीपिकाने, हौसेने बापाची चाचणी करून घेतली होती. फोनवर ती खूप बोलली, जरूर या म्हणाली. मात्र “बाबा कायच बोलाक नाय,” हेही तिने सांगितलं. नसीमा तेवढ्यावरच अडली. म्हाताऱ्याने दारातूनच परत पाठवलं तर? नातं कागदावर असून काय उपयोग?

तरी ती गेली. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून पहाटे बंदरावर उभं राहून तिने चांगली हातभर सुरमई निवडली आणि इफ्राला घेऊन वालावल गाठलं. बाळाची बायको सुगंधा हसत पुढे आली, पिशवीत डोकावली आणि घुटमळली.

“आज सोमार गो बाय.”

नसीमाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सारा जन्म हिंदू शेजारात काढला, कुणाकडे कोणत्या वारी मासे चालत नाहीत हे पाठ, आणि आजच ती वार विसरली होती. ओटीवर बसलेला बाळा तिच्याकडे नुसता बघत होता.

“तुजी आजी कधी गेली?” त्याने एकदम विचारलं.

“चौऱ्याण्णव साली.”

बाळाने बोटांवर हिशेब केला. “माजी आजी दर वर्सा पितृपक्षात म्हाळाक एक पान भायर ठेवी. न्हानग्या भैणीचा. चंद्रा तिचा नाव. होडयेत आजयेच्या हातातसून सुटला ता चेडू. आजी गेल्यार मी ठेवतंय.” त्याने बोटं पुन्हा मोजली. “म्हणजे बासष्ट वर्सां आमी जित्या माणसाक पान वाढीत होतंव.”

मग बाळाच हसायला लागला, आणि हसता हसता त्याने पंचाने डोळे पुसले.

“कावळे बाकी बरे पोसले. सुगंधा, आता पानां भितर वाढ. आणि ती सुरमय फ्रीजात ठेव. उद्या खावया.”

“उद्या?” नसीमा म्हणाली.

“मगे? हाडलंस तू, रांधतला कोण?”

जेवण वरणभात, काळ्या वाटाण्याची आमटी आणि सोलकढीचं झालं. नसीमाला वाटलं, हुरमतला हे केव्हा तरी मिळायला हवं होतं. हात धुताना बाळाने इफ्राकडे बघून विचारलं, “तुमच्यात लग्नाक मामान काय करूचा आसता?”

इतका वेळ तिला विचारता न आलेली गोष्ट त्याने आपण होऊन काढली होती. नसीमाला रडू आवरलं नाही. “हळदीक साडी हाडूची,” ती म्हणाली. “आणि येवचा.”

“बुधवारी कुडाळचो बाजार. तुका दाखवल्याशिवाय साडी कशी घेतलंय? तवसर ऱ्हव.”

संध्याकाळी कमरुद्दीनचा फोन आला. चहा कुणी करायचा, रिक्षा पाठवू काय, येतेस कधी?

“गुरवारी,” नसीमा म्हणाली. पुढचे शब्द तिने सत्तावन्न वर्षांत एकदाही उच्चारले नव्हते, म्हणून ते तिने सावकाश, चवीने उच्चारले. “मी म्हायराक ऱ्हवलंय.”