डोंगरावर गिधाड नाही

"खोऱ्यात काऊन उतरतं बे, राम?" गोविंदानं डोळ्यांवर आडवा हात धरून आभाळ न्याहाळलं. "वर एक बी गिधाड नाही. गाय जिती हाय."

राम थांबला. हरवलेली गाय त्याच्या आईची, बनाबाईची; गाभण, दिवस भरत आलेली. काल ती कळपासोबत परतली नव्हती.

"पन काका, एकडाव पाह्यलं तं?"

"अबे, पडून मेली असती तं घिरट्या सुरू झाल्या असत्या. व्याले आडोशाले गेली असंन. चाल, पल्याड झाडीत पाहू."

जळगाव जामोदकडच्या त्या गावात गुरं राखावीत ती गोविंदानंच. त्याचा उभा जन्म त्यात गेला. पूर्वी गुरं सुटली की गल्लीत माणसाला उभं राहायला जागा नसे. एखादं जनावर चुकलं की तो आधी आभाळ पाही. गिधाडं फिरताना दिसली की तो तिकडेच धाव घेई. आभाळ मोकळं असलं की तो बिडी शिलगावून निवांत शोधायला निघे. अंदाज कधी चुकला नव्हता.

मग ट्रॅक्टर आले, बैल गेले. गायरानाला तारेचं कुंपण पडलं. म्हातारी गुरं डोंगरावर मरायच्या आधीच बाजारात विकली जाऊ लागली. कळप आटला आणि त्याच्यावर जगणारी गिधाडंही कधीतरी दिसेनाशी झाली. गोविंदाला वाटे, आपली राखण चोख आहे, म्हणून आभाळ मोकळं. मनातून त्याला त्याचा अभिमानच होता.

"घोर नोको करू, बनाबाई," त्यानं संध्याकाळी सांगितलं. "वासरू घेऊनच येते पाहा."

त्याचा शब्द म्हणजे बनाबाईला पुरे होता. तिनं गोठा झाडला, वासरासाठी नवं दावं वळून खुंटीला अडकवलं. दुसऱ्या दिवशीही गोविंदानं आभाळ पाहिलं आणि तेच सांगितलं.

पुढे वारा फिरला, तेव्हा खोऱ्यातून वास आला.

गायीचा मागचा पाय दोन खडकांत अडकला होता. पोट फुगलेलं, अंगावर माश्यांचा थर. पण कातड्याला चोच म्हणून लागलेली नव्हती. पुढच्या खुरांनी माती उकरून खड्डा केला होता. मान पोचेल तिथपर्यंतचा झुडपाचा पाला ओरबाडलेला होता.

राम बराच वेळ तो पाला पाहत राहिला. "काका, आपुन वर उभे होतो, तवा ही जिती होती."

गोविंदानं ते दोघं उभे होते त्या जागेकडे वर पाहिलं. खोऱ्यात उतरायला असा कितीसा वेळ लागला असता!

बनाबाईला त्यानं स्वतःच जाऊन सांगितलं. तिनं आक्रोश केला नाही की त्याला बोल लावला नाही. पदरानं डोळे टिपून एवढंच विचारलं, "भाऊ, तुमी गिधाड शेवटी कधी पाह्यलं होतं?"

गोविंदा आठवू लागला. मागच्या उन्हाळ्यात? त्याच्या आधी? रामच्या लग्नाच्या वेळी तरी? काही केल्या आठवेना, आणि त्याला भयंकर लाज वाटली.

सकाळी कळप जमला, पण गोविंदानं तो डोंगराकडे वळवला नाही. एकेक जनावर ज्याच्या त्याच्या दारात नेऊन बांधलं. "काऊन हो?" कुणी विचारलं तर "आता नाही होत मायाच्यानं," एवढंच म्हणाला. सगळ्यात शेवटी तो बनाबाईच्या गोठ्याशी आला. खुंटीवरच्या कोऱ्या दाव्याशेजारी त्यानं आपली काठी टेकवून ठेवली.

बाहेर पडताना सवयीनं मान वर जाऊ लागली. ती त्यानं खाली घातली आणि तो घराकडे चालू लागला.