गेणूच्या नावाचा खण

लोणावळ्याच्या बाजारात घेतलेला नवाकोरा हिरवा खण महिपतीने फलाटावरच्या बाकड्यावर बसून नीट चुरगाळला. मग घडी घातली, फडक्यात बांधून वर गाठ मारली आणि ते गाठोडं बुडाखाली घेऊन गाडीची वाट पाहत बसला. खण मुंबईहून आल्यासारखा दिसायला हवा होता. नुकताच दुकानातून उचललेला खण बाईमाणूस लांबून ओळखतं, एवढं त्याला ठाऊक होतं.

गिरगावात डबे पोचवण्यात त्याची बारा वर्षं गेली होती. अक्षर एक येत नव्हतं. पण झाकणावरच्या रंगीत खुणेवरून कुठला डबा कुठल्या कचेरीतला, हे तो झोपेतही सांगे. या हुशारीचा त्याला थोडा ताठाही होता. दिवाळीत कचेऱ्या बंद झाल्या की डबे थांबत. मग खोलीतली सगळी मावळी माणसं गावाकडची गाठोडी बांधायला बसत. कुणाचं लुगडं बोहारणीकडचं, कुणाची बायको कुठला रंग फेकून देईल, यावर तास तास टिंगल चाले. त्यात सगळ्यांत मोठं गाठोडं असे ते महिपतीच्याच बेडसे गावच्या गेणूचं. पुढे गेणूने डबे सोडले, परळला गिरणीत लागला आणि तिथं एका बाईबरोबर बिऱ्हाड थाटलं. त्यानंतर बेडशाला तो फिरकला नाही.

त्या पहिल्या दिवाळीला गेणूची म्हातारी आई, मुक्ताबाई, महिपतीला वाटेतच आडवी आली. तिच्यापुढं मोकळे हात हलवणं त्याला जमलं नाही. बायकोसाठी आणलेला खण त्याने काढून दिला, गेणूनं तुझ्या सुनंला धाडलाय म्हणाला आणि घरी जाऊन बायकोचा अबोला सोसला. पुढल्या वर्षापासून शहाणा होऊन तो दोन खण घेऊ लागला. खोटं बोलायचं तर तयारीनं बोलावं.

यंदाचं खोटं मात्र जड होतं. भाद्रपदात मुक्ताबाई गेली. गावचा भिमाजी सांगावा घेऊन मुंबईला आला तो महिपतीकडे. महिपती तसाच परळला धावला. गेणूने दारात उभं राहून सगळं ऐकून घेतलं. आत ती बाई दिवस भरलेली बसली होती.

"सांग, सापडलो न्हाई," गेणू म्हणाला.

महिपतीने तसंच सांगितलं. म्हातारीला अग्नी चुलत पुतण्याने दिला. गावात कुजबुज झाली तेव्हा गेणूची बायको बयाबाई चारचौघांत ठणकावून म्हणाली होती, की सांगावा पोचला असता तर ते आले असते.

कामशेतला उतरून तो चालत बेडशाला पोचला तेव्हा ऊन कलत होतं. घरात मरण झालेलं, म्हणून गेणूच्या ओट्याला पणती नव्हती की चुलीवर कढई नव्हती. बयाबाई भात पाखडत होती.

"वैनी, गेणूनं धाडलाय."

तिने गाठोडं घेतलं, पण सोडलं नाही. गाठ त्याच्याकडे वळवून धरली.

"आमचं माणूस डावखुरं हाय, भावजी. त्याची गाठ उलटी पडती. ही तुमची."

हजार डब्यांच्या खुणा ओळखणारा महिपती त्या गाठीकडे बघत राहिला.

"कवापासनं ठावं हाय?"

"पैल्या सालापासनं. आत्याबाईंच्या जिवाला बरं वाटायचं, म्हणून शिवल्या चोळ्या. आता कुणाला दावायचं? फुडल्या साली आणू नगा."

तिने त्याला पाणी दिलं, शेजारून आलेली करंजी ताटलीत घालून दिली आणि पुन्हा सूप हाती घेतलं. मग हळूहळू एकेक विचारू लागली. परळची ती कुठली? कोकणातली. रांधते बरी? व्हय.

"मंग आमच्या माणसानं अंग धरलं आसंल," बयाबाई म्हणाली.

महिपतीला हसू आलं. इतक्या वर्षांचं ओझं असं बसल्या बसल्या उतरेल, हे त्याला वाटलं नव्हतं. तो भिंतीला टेकला. हिला सगळंच ठाऊक आहे तर आता लपवायचं काय, असं मनाशी म्हणत त्याने करंजी मोडली.

"पोरबाळ?"

"मुलगी झाली, दसऱ्याला." सूप थांबल्याचं त्याने पाहिलं. हिला काहीतरी बरं सांगावं, म्हणून तो घाईने पुढे बोलला. "पर एक हाय वैनी, आईला इसरला न्हाई त्यो. पोरीचं नाव मुक्ता ठिवलंय."

बयाबाईने सुपातलं भात बोटांनी एका बाजूला सारलं, मग दुसऱ्या बाजूला.

"जित्या माणसाचं नाव कुणी ठिवत न्हाई," ती म्हणाली. "म्हंजी सांगावा पोचला व्हता."

महिपतीने उरलेली करंजी ताटलीत परत ठेवली. 

पलीकडच्या ओट्यावरून शालूबाईने हाळी दिली. "बये, काय धाडलं गं मालकांनी?"

बयाबाई उठली. गाठ सोडली, खण उलगडला आणि शालूबाईला नीट दिसावा म्हणून दोन्ही हातांनी उंच धरला.